करसवलतीचे घर कोणासाठी?

सरकारने कोणाला रोख रक्कम दिली की तिला अनुदान म्हणतात आणि तिचा हिशेब विधिमंडळात मागितला जातो. तीच रक्कम कराच्या रूपाने घेण्याचे सोडून दिले की तिला सवलत म्हणतात आणि तिच्याविषयी सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः दोहोंचा भार एकाच तिजोरीवर पडतो. परवडणाऱ्या घरांसाठी दिलेली करसवलत कोठवर पोहोचली, हे कोल्हारसारख्या गावाच्या बाजूने पाहिले म्हणजे नीट कळते.

आयकर कायद्यात २०१६ साली ८०-आयबीए हे कलम घालण्यात आले. लहान घरे बांधणाऱ्या विकासकाला त्या प्रकल्पाच्या संपूर्ण नफ्याची वजावट मिळू लागली. किमान पर्यायी कर तेवढा राहिला. चार महानगरांबाहेर घर ६० चौरस मीटरपर्यंतचे असावे, भूखंड किमान २,००० चौरस मीटरचा असावा, अशा अटी होत्या. २०१९ साली घराची मर्यादा ९० चौरस मीटर झाली आणि किमतीची ४५ लाख रुपये. खरेदीदाराचे उत्पन्न किती असावे, याविषयी मात्र अट नव्हती. ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांनंतर ही सवलत संपली.

प्रवरेच्या काठचे कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर आहे आणि घोटीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. शेजारी लोणीचा शैक्षणिक परिसर आणि प्रवरानगरचा साखर कारखाना. अशा ठिकाणी बदलून आलेला शिक्षक, बँकेतला कारकून, दुकानातला नोकर, विद्यार्थी यांना आधी हवी असते ती भाड्याची खोली. २,००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ २० गुंठे. एक-दोन गुंठ्यांवर चार खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्या माणसाचा या कलमाशी संबंधच येत नाही. २०२१ साली भाड्याच्या प्रकल्पांनाही सवलत देऊ केली गेली, पण तिचीही मुदत वर्षभरातच सरली.

घर घेणाऱ्याला दिलेल्या सवलतीची गतही निराळी नाही. ज्याला कर भरावा लागत नाही, त्याला व्याजाच्या वजावटीचा उपयोग काय? २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतचे नेहमीचे उत्पन्न करमुक्त केले. साहजिकच सामान्य पगारदाराच्या दृष्टीने हे साधनच बोथट झाले. ग्रामीण भागासाठी पंतप्रधान आवास योजना आहे, हे खरे. २०१६ साली तिच्यात सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. तथापि ती स्वतःचे घर बांधणाऱ्यासाठी आहे, भाडेकरूसाठी नाही.

अमेरिकेने १९८६ साली या प्रश्नाकडे उलट बाजूने पाहिले. तेथे अल्प उत्पन्न गटाच्या भाड्याच्या घरांत पैसा घालणाऱ्याला दहा वर्षे करातून थेट सूट मिळते. सुटीची एकूण रक्कम राज्यागणिक मर्यादित असते. भाडेकरूचे उत्पन्न आणि घराचे भाडे या दोहोंवर बंधन असते आणि पहिल्या पंधरा वर्षांत अट मोडली तर सुटीचा काही भाग परत करावा लागतो. ही पद्धत निर्दोष नाही. तिच्यात मध्यस्थांचे फावते, आणि मुदत संपली की भाडी वाढण्याची भीती राहते. परंतु सवलत घेणाऱ्याला जनतेचे काही देणे लागते, हे तत्त्व तिने मान्य केले आहे.

हे तत्त्व आपल्याला परके असण्याचे कारण नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास याच परिसरात सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा भांडवल आणि जबाबदारी यांची सांगड त्यांनी घालून दाखविली होती. घरांबाबतही पाच गुंठ्यांपर्यंतच्या लहान भूखंडांना, सहकारी संस्थांना आणि ग्रामपंचायतींनी भाडेपट्ट्याने दिलेल्या जागांना सवलत मिळावी. ती नफ्यावर न देता, ठरल्या भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांच्या संख्येवर वर्षावर्षाने द्यावी. भाडे वाढविले की सवलत थांबावी आणि घेतलेली रक्कम वसूल व्हावी.

असे कलम पुन्हा आणण्याची मागणी बांधकाम व्यावसायिक करीतच राहतील. मागणी गैर नाही. प्रश्न एवढाच, की त्या वेळी भाडेकरूच्या वतीने अटी कोण घालणार? शिक्षक आणि कर्मचारी यांच्या संघटना वेतनवाढीसाठी जागरूक असतात; वाढलेले वेतन घरभाड्यातच जात असेल, तर या अटींचा आग्रहही त्यांनीच धरला पाहिजे.