शिक्षणसंशोधकाचे कार्य आणि उद्धरणांचे गणित

महाविद्यालयातील वा विद्यापीठातील अध्यापकाच्या नियुक्तीचा किंवा पदोन्नतीचा अर्ज आज पाहिला, तर त्यात काही आकडे हटकून आढळतात. प्रसिद्ध शोधनिबंध किती, त्यांचे अन्य संशोधकांनी केलेले उल्लेख किती आणि एच-निर्देशांक किती. विज्ञानशाखांत हे आकडे अंगवळणी पडले आहेत. शिक्षणशास्त्रासारख्या विषयात मात्र ते संशोधकाच्या कामाचे खरे माप देतात का, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. गोव्यात मराठीतून शिकवणाऱ्या आणि मराठी शाळांविषयी संशोधन करणाऱ्या मंडळींना तर हा प्रश्न अगदी जवळचा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वडोदऱ्यातील कारेलीबाग या निवासी भागात राहणाऱ्या एक मराठी प्राध्यापिका आहेत असे समजा. त्यांनी वीस वर्षे गुजरातमधील मराठी माध्यमाच्या शाळांतील मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला, त्यावर एक मराठी पुस्तक लिहिले, शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका तयार केल्या आणि इंग्रजीत तीन निबंध प्रसिद्ध केले. गूगल स्कॉलरवर त्यांचे नाव शोधले, तर बहुधा तेवढे तीन निबंधच दिसतील. ज्या पुस्तकाच्या आधारे शिक्षकांनी वर्गातील अध्यापन बदलले, त्याचा तेथे मागमूसही नसेल. असे का होते, हे समजण्यासाठी उद्धरण-मोजणीची पद्धत आधी समजून घ्यावी लागेल.

उद्धरण म्हणजे काय?

एखाद्या संशोधकाने आपल्या लेखनात पूर्वीच्या कामाचा आधार घेतला, की तो त्या कामाचा संदर्भ देतो. हा संदर्भ म्हणजे उद्धरण. अमुक निवाड्याचा आधार पुढील कोणकोणत्या निवाड्यांत घेतला गेला, याच्या सूची अमेरिकेतील वकिलांसाठी १८७३ पासून निघत होत्या. तीच कल्पना विज्ञानाला लावावी, असे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात सुचवले. त्यातून १९६०च्या दशकात विज्ञानाची आणि पुढे सामाजिक शास्त्रांची उद्धरण-सूची आकाराला आली. तिचा मूळ हेतू वाङ्मय शोधण्याची सोय हा होता. एका निबंधावरून त्याच विषयावरील पुढच्या निबंधांपर्यंत वाचकाला पोहोचता यावे, एवढीच अपेक्षा होती. माणसांची गुणवत्ता मोजण्यासाठी तिचा वापर नंतर रूढ झाला.

२००४ मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर आले आणि मोजणी सोपी झाली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-निर्देशांक मांडला. त्याची रीत अशी: संशोधकाचे निबंध उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. ज्या क्रमांकापर्यंत निबंधाची उद्धरणे त्या क्रमांकाइतकी किंवा अधिक असतात, तो अंक म्हणजे एच-निर्देशांक.

समजा, एका संशोधकाच्या पाच निबंधांना अनुक्रमे ३०, १२, ६, ४ आणि १ अशी उद्धरणे आहेत. चौथ्या निबंधाला चार उद्धरणे आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४. दुसऱ्या संशोधकाच्या एकाच ग्रंथाला २०० उद्धरणे आहेत आणि उरलेल्या दोन निबंधांना २ व १. त्याचा निर्देशांक केवळ २. एकूण उद्धरणे पाहिली, तर पहिल्याची ५३ आणि दुसऱ्याची २०३. एका मापाने पहिला वरचढ ठरतो, तर दुसऱ्या मापाने दुसरा. कोणते माप लावायचे, हा निर्णय अखेर माणसालाच घ्यावा लागतो.

बडोद्याची मोठी नोंदवही

शिक्षणसंशोधनाची नोंद ठेवण्याचा भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न बडोद्यातच झाला. शिक्षणाशी या शहराचे नाते जुने आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानाला लागू केले. त्यांचेच नाव असलेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने, शिक्षणाचे प्रगत अध्ययन केंद्र उभे राहिले. या केंद्रातून प्रा. एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये भारतातील शिक्षणसंशोधनाचे पहिले सर्वेक्षण संपादित करून प्रसिद्ध केले. देशभरातील विद्यापीठांतून विखुरलेल्या शेकडो प्रबंधांचे आणि प्रकल्पांचे सारांश त्यात विषयवार एकत्र आले होते. दुसरे सर्वेक्षण १९७९ मध्ये बडोद्याहूनच निघाले. तिसरे आणि चौथे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दिल्लीहून प्रसिद्ध केले. त्यांचेही संपादक बुच होते.

संगणकीय शोधाची सोय नसलेल्या काळात या ग्रंथांनी केलेले काम मोठे होते. नाशिकच्या वा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला आपल्या विषयावर मद्रासमध्ये काय संशोधन झाले आहे, हे त्यांतून कळू शकत होते. शिक्षणशास्त्राच्या कितीतरी प्रबंधांतील पूर्वसंशोधनाचा आढावा याच खंडांच्या आधारे लिहिला गेला.

मात्र येथे उद्धरणाची एक गंमत दिसते. मूळ प्रबंध हाती नसल्यामुळे अनेकांनी सर्वेक्षणातील सारांश वाचला आणि संदर्भ सर्वेक्षणाचा दिला. परिणामी ते उद्धरण संपादक बुच यांच्या नावावर जमा झाले, तर ज्याने वर्षानुवर्षे शाळाशाळांत फिरून माहिती गोळा केली, त्या मूळ संशोधकाच्या नावावर काहीच जमा झाले नाही. यात दोष संपादकाचा नाही. परंतु उद्धरणाचा आकडा हा श्रमाचा निखळ हिशेब नसतो, हे यावरून ध्यानात येते.

जे. पी. नाईक यांचा धडा

दुसरे उदाहरण मराठी मुलखातील, गोव्याच्या शेजारचे. जयंत पांडुरंग नाईक यांचा जन्म १९०७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचा. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचेही ते पहिले सदस्य-सचिव. युनेस्कोने जगभरातील शिक्षणविचारवंतांची जी चरित्रमालिका प्रसिद्ध केली, तीत त्यांचा समावेश आहे. समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या त्रिकोणावरील त्यांचे १९७५ मधील पुस्तक आजही अभ्यासले जाते.

पण त्यांच्या कार्याचा सर्वांत दूरगामी भाग आयोगाच्या अहवालात आहे. दहा अधिक दोन अधिक तीन ही शिक्षणरचना आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करण्याची शिफारस या अहवालाशी जोडलेली आहे. सहा टक्क्यांचे उद्दिष्ट २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पुन्हा आले आहे. अहवालाचा संदर्भ देताना लेखक म्हणून ‘शिक्षण आयोग’ असे लिहिले जाते. सदस्य-सचिवाच्या नावे त्याचे एकही उद्धरण जमा होत नाही. ज्या कामाने देशातील विद्यार्थ्यांचे शालेय जीवन घडवले, ते काम वैयक्तिक निर्देशांकात शून्य भरते.

नावांचा आणि भाषेचा घोळ

प्रादेशिक भाषांतील लेखनाची अडचण आणखी निराळी आहे. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे ‘शिक्षण आणि समाज’ किंवा महाराष्ट्र शासनाच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ यांसारख्या नियतकालिकांनी मराठीत शिक्षणविचार रुजवला. परंतु आंतरराष्ट्रीय सूची प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिकांवर बेतलेल्या असतात. मराठी लेखाने मराठी लेखाचा दिलेला संदर्भ त्यांच्या मोजणीत सहसा येतच नाही.

नावांचाही घोळ होतो. नाईक, कामत, देसाई, जोशी ही आडनावे रोमन लिपीत निरनिराळ्या रीतींनी लिहिली जातात आणि एकाच आद्याक्षराचे अनेक जोशी असतात. एकाची उद्धरणे दुसऱ्याच्या खाती पडतात. विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते. बडोदा आणि वडोदरा या दोन नावांमुळे संस्थेची नोंदही विखुरते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड हा संशोधकाचा विनामूल्य ओळख-क्रमांक उपलब्ध आहे. प्रत्येक संशोधकाने तो घेणे हिताचे.

आकड्यांची हाव आणि तिचे परिणाम

माप हेच ध्येय झाले, की ते माप बिघडते. निबंधांची संख्या पदोन्नतीशी जोडली गेल्यावर, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ‘केअर’ यादीची व्यवस्था आणली. तिच्या छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्तीही २०२२च्या नियमांत उरली नाही. दुसरीकडे, राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत निबंध आणि उद्धरणे यांना आजही गुण आहेत. त्यामुळे संस्थांचा दबाव संपलेला नाही.

जगभरही हीच चिंता व्यक्त झाली आहे. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची पारख करू नये, असे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने बजावले. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तर थेट आपल्यासाठीच आहे: स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातील गुणवत्तेचे रक्षण झाले पाहिजे.

मग पारख कशी करावी?

आकडा टाकाऊ नाही, तो अपुरा आहे. निवड समितीवरील सदस्याने वा मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्याने काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. आकडा कोणत्या सूचीतील आहे, कारण गूगल स्कॉलर आणि स्कोपस यांचे आकडे वेगळे असतात. तुलना एकाच विषयातील आणि समान सेवाकालाच्या संशोधकांची आहे का. उद्धरणांत स्वतःचीच किती आहेत. उद्धरण करणाऱ्याने आधार घेतला आहे, खंडन केले आहे की केवळ नाव घेतले आहे. आणि मुख्य म्हणजे, संशोधकाचे निदान दोन निबंध स्वतः वाचले आहेत का. प्रबंध पाहायचे असल्यास गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार सर्वांना खुले आहे. सारांशावरून संदर्भ देण्याची जुनी अपरिहार्यता त्याने बरीच कमी केली आहे.

गोव्यासारख्या लहान राज्यात एखाद्या तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या का घटते, यावरील अभ्यासाला जगभरातून शंभर उद्धरणे मिळण्याची शक्यता नाही. तो विषयच जगाचा नाही, तो आपला आहे. त्यावर विसंबून एका भागशिक्षणाधिकाऱ्याने योग्य निर्णय घेतला आणि एक शाळा वाचली, तर त्या अभ्यासाचे चीज झाले. अशा परिणामांची नोंद ठेवण्याची रीत आपल्या संस्थांनी स्वतःच घालायला हवी. पन्नास वर्षांपूर्वी बडोद्याने देशातील विखुरलेल्या प्रबंधांसाठी तशी एक नोंदवही उघडली होती. आपल्या मराठी शिक्षणसंशोधनासाठी ती उघडण्याचे काम अन्य कोणी करील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.