नट एकच, पण आधी बॅटरी

दीड टनाच्या गाडीची दिशा ज्या चाकाच्या हातात असते, ते चाक बहुतेक गाड्यांत एकाच नटावर टिकलेलं असतं. हे पहिल्यांदा कळलं की बहुतेकांना थोडं दचकायला होतं. मधोमध अंगठ्याएवढ्या जाडीचा दांडा, त्यावर बसवलेलं स्टिअरिंग आणि वरून आवळलेला नट. काही गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतो, एवढाच फरक. खरी पकड मात्र नटाची नसते. दांड्याच्या टोकावर लांबीच्या दिशेनं बारीक दाते कोरलेले असतात, चाकाच्या भोकात त्यांच्या मापाच्या खाचा असतात आणि दोन्ही एकमेकांत घट्ट रुतलेले असतात. चाक फिरवण्याचा जोर हे दाते पेलतात. नटाचं काम चाकाला वर येऊ न देण्याचं.

त्यामुळे जुन्या गाड्यांत स्टिअरिंग काढणं हे दुपारच्या चहाआधी उरकायचं काम होतं. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ती पद्मिनी असो, अँबॅसेडर असो किंवा १९८३ साली आलेली मारुती ८००, मधलं झाकण उचकटायचं, हॉर्नची तार सोडवायची, नट काढायचा आणि चाक ओढायचं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत नवं चाक मिळायचं, ते संध्याकाळपर्यंत बसायचं. अशी गाडी अजून कुणाच्या अंगणात असेल तर हे काम घरी जरूर करावं. त्यात धोका आहे, पण तो दातांना आणि नाकाला.

नाकाला म्हणजे अक्षरशः नाकाला. वर्षानुवर्षं बसलेलं चाक दांड्यावर गंजून धरतं. नट पूर्ण काढून टाकला आणि मग दोन्ही हातांनी चाक गदागदा हलवत ओढलं, की ते सुटतं तेव्हा एकदम सुटतं आणि थेट तोंडावर येतं. मुरलेले मिस्त्री म्हणूनच नट पूर्ण काढत नाहीत. तो दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवतात, चाक त्याला येऊन अडलं की मग नट काढतात. त्याआधी दांड्यावर आणि चाकावर मिळून रंगाची एक रेघ मारतात, म्हणजे परत बसवताना दात चुकत नाही. चाक अगदीच हट्टाला पेटलं तर पुलर लावायचा. हे साधंसं अवजार चाकाला दोन बाजूंनी धरतं आणि मधला स्क्रू दांड्यावर टेकवून चाक वर खेचतं.

हातोडी मात्र नको. दांड्याच्या डोक्यावर ठोकून चाक सैल करण्याची युक्ती अजून अनेक गॅरेजांत चालते. टक्कर झाली तर स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या छातीत भाल्यासारखा घुसू नये, म्हणून तो दाबला जाऊन आखडेल असा बनवलेला असतो. जनरल मोटर्सनं असे दांडे १९६७ च्या मॉडेलांत आणले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्यासंबंधीचा नियम लागू झाला. पुष्कळ गाड्यांत या दांड्याचे दोन भाग प्लॅस्टिकच्या छोट्या पिनांनी जोडलेले असतात. धडकेच्या वेळी तुटाव्यात अशाच त्या घडवलेल्या असतात. हातोडीचा घाव आणि धडक यांतला फरक त्यांना कळत नाही.

इथवरची गोष्ट जुन्या गाडीची. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. महागड्या गाड्यांत ती कितीतरी आधीपासून होती. मर्सिडीजनं १९८१ च्या सुमाराला ती आपल्या एस-क्लासमध्ये दिली. आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांच्या स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या झाकणाखाली, एक छोटा स्फोटक डबा बसलेला आहे. ‘स्फोटक’ हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. माल वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या धोकादायक वस्तूंच्या यादीत एअरबॅगच्या सुट्या मॉड्यूलला स्वतःचा क्रमांक आहे, ३२६८. कपड्यांसारखी खोक्यात भरून कुरियरनं पाठवण्याची ती वस्तू नाही.

धडक झाली की आतली गोळी पेटते आणि साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी वायूनं भरते. पापणी लवायला याच्या तिपटीहून अधिक वेळ लागतो. पूर्वी या गोळीत सोडियम अझाइड असायचं. ते पेटलं की नायट्रोजन मोकळा होतो, पण ते स्वतः जहाल विष. पुढे कंपन्या दुसऱ्या रसायनांकडे वळल्या. त्यांतल्या टाकाटा या जपानी कंपनीनं अमोनियम नायट्रेट निवडलं. ते स्वस्त होतं, पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं बिघडायचं. बिघडलेली गोळी गरजेपेक्षा जोरानं पेटायची आणि धातूच्या डब्याचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या अंगात शिरायचे. एकट्या अमेरिकेत पिशवी फुगवणारे असे सुमारे ६ कोटी ७० लाख डबे, म्हणजे इन्फ्लेटर, परत बोलवावे लागले आणि जून २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडा आणि टोयोटा यांनी याच कारणासाठी गाड्या परत बोलावल्या. कोकणात किंवा गोव्यात जुनी गाडी बाळगणाऱ्यानं, पाना हातात घेण्याआधी, कंपनीच्या वेबसाइटवर आपला चासिस नंबर टाकून पाहावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

घरी काम करणाऱ्यासाठी यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी घटना फ्लोरिडातली. जून २०१६ मध्ये हायालीया शहरात एक वृद्ध गृहस्थ २००१ सालच्या होंडा अकॉर्डमध्ये काहीतरी दुरुस्ती करत होते. गाडी जागच्या जागी उभी होती. इग्निशन चालू होतं आणि गाडीत हातोडी चालू होती. एअरबॅग उघडली, टाकाटाचा डबा फुटला आणि दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा मृत्यू झाला. त्या गाडीसाठी रिकॉलच्या नोटिसा अनेकदा गेल्या होत्या, पण तो भाग कधी बदलला गेला नव्हता. ते नेमकं काय दुरुस्त करत होते, हे जाहीर झालं नाही. स्टिअरिंगच काढत होते असं म्हणायला आधार नाही. तरी चालू इग्निशन, हातोडी आणि एअरबॅगसमोर बसलेला माणूस ही तिन्ही एकत्र येऊ नयेत, एवढं त्यातून नक्की उरतं.

तेव्हा एअरबॅगच्या गाडीत पहिला पाना स्टिअरिंगला लागतच नाही. तो बॉनेटखाली, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लागतो. समोरची चाकं सरळ करायची, इग्निशन बंद करून किल्ली काढायची, टर्मिनल सोडवायचं, तार पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला वळवायची. आणि मग थांबायचं. बॅटरी सुटली तरी एअरबॅग जिवंत असते. याला कारण आहे. समोरून मोठी धडक बसली तर बॅटरीच सर्वात आधी चिरडली जाऊ शकते, म्हणून एअरबॅगचा संगणक थोडी वीज स्वतःकडे साठवून ठेवतो. ती ओसरायला वेळ लागतो. टोयोटाच्या पुस्तकांत ९० सेकंद लिहिलेले आढळतात, होंडाच्या पुस्तकांत ३ मिनिटं, काही कंपन्या त्याहून जास्त सांगतात. आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल काय म्हणतं ते पाहावं. ते मिळत नसेल तर हे काम घरी करू नये, असं स्पष्टच म्हणायला हवं. एकेका गाडीत मॉड्यूल बाजूच्या बोल्टांनी धरलेलं असतं, दुसऱ्या गाडीत मागच्या भोकातून दाबायच्या स्प्रिंगनं. अंदाजानं उचकटण्याची ही जागा नव्हे.

मॉड्यूल सुटलं की मागे पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसतं. गाडीत पिवळी तार दिसली की ती एअरबॅगची, असं समजून चालावं. आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, मग कनेक्टरचं कुलूप हलकेच उचलून ते ओढायचं. बाहेर काढलेलं मॉड्यूल शरीरापासून दूर धरून न्यायचं आणि झाकणाची बाजू वर करून ठेवायचं. उलटं ठेवलं तर? पिशवी उघडलीच तर ती जमिनीला रेटा देईल आणि धातूचा सगळा डबा छताकडे झेपावेल. झाकण वर असेल तर निदान नुसती पिशवी हवेत फुगेल.

आपल्याकडच्या सवयीबद्दल इथे एक शब्द सांगायला हवा. वायरमन असो की हौशी माणूस, तार दिसली की टेस्ट लॅम्प लावून ‘करंट येतो का’ बघायचा मोह होतो. एअरबॅगची गोळी पेटायला साधारण सव्वा अँपिअरचा, तोही काही मिलिसेकंदांचा धक्का पुरतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर लावला तर त्यातून पावणेदोन अँपिअर जातात. मल्टिमीटरही या तारांना लावायचा नाही.

यापुढचं काम जुन्या गाडीसारखंच. रेघ मारा, नट सैल करा, दोन आटे ठेवा. नट सोडवताना चाक दुसऱ्या हातानं किंवा सोबत्याकडून धरून ठेवावं; स्टिअरिंगच्या लॉकवर सगळा जोर टाकला तर लॉकच तुटतं. पण चाक वर उचलल्यावर जी वस्तू उघडी पडते, तिथे घरचे कारागीर सर्वात जास्त फसतात.

ती म्हणजे क्लॉक स्प्रिंग. फिरणाऱ्या चाकातल्या हॉर्नपर्यंत, एअरबॅगपर्यंत आणि आवाज वाढवण्याच्या बटणांपर्यंत न फिरणाऱ्या गाडीतून वीज न्यायची कशी, हा जुना प्रश्न. जुन्या गाड्यांत तांब्याची चकती आणि तिच्यावर घासणारी पट्टी असायची. ती झिजली की वळणावर हॉर्न आपोआप वाजायचा किंवा वाजायचाच नाही. एअरबॅगला अशी बेभरवशाची जोडणी चालत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या चपट्या डब्यात तारांची लांब पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून ठेवतात. चाक फिरलं की ती आवळते किंवा सैलावते. मधल्या जागेपासून ती दोन्हीकडे साधारण अडीच वेढे पुरते. चाक काढल्यावर हा डबा हातानं गंमत म्हणून फिरवला, किंवा समोरची चाकं कुणी वळवली, आणि तसंच स्टिअरिंग परत बसवलं, तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. मग एखाद्या दिवशी अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना चाक शेवटपर्यंत फिरतं, पट्टी तिथवर पुरत नाही आणि तुटते. हॉर्न गेला, एअरबॅगचा दिवा लागला. उपाय अगदी साधा आहे. चाक निघताक्षणी या डब्याला चिकटपट्टी लावून तो जागच्या जागी बांधून टाकायचा.

आता खरा प्रश्न. घरी स्टिअरिंग काढायची वेळ येतेच कशाला? चामड्याचं कव्हर शिवायला चाक काढावं लागत नाही. चांगला शिवणारा गाडीत बसूनच सुईदोऱ्यानं ते चढवतो. दुसरं कारण त्याहून जास्त ऐकू येतं. ‘गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग वाकडं राहतं.’ मग कुणीतरी सुचवतं, चाक काढून एक दात सरकवून बसवा. दांड्यावर ३६ दाते असले तर एक दात म्हणजे १० अंश. इतक्या जाड मापानं तीन-चार अंशांचा तिरकेपणा जायचा कसा? शिवाय क्लॉक स्प्रिंगचा मध्य सरकतो, आणि गाडी घसरू नये म्हणून चाकाचा कोन मोजणाऱ्या सेन्सरलाही चुकीचं उत्तर मिळू लागतं. तिरकेपणाचं मूळ बहुधा खाली, समोरची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडमध्ये असतं. अलाइनमेंटवाल्यानं स्टिअरिंग सरळ धरून, ते तसंच रोखून ठेवून दोन्ही बाजूंचे टाय रॉड जुळवायचे असतात. घाईत एकाच बाजूचा पाना फिरवला की चाक वाकडं बसतं. त्याच्याकडे परत जावं आणि पैसे दिल्याची आठवण करून द्यावी.

हौसेपोटी छोटं रेसिंग चाक लावण्याबद्दलही बोलायला हवं. फॉर्म्युला वनच्या गाडीत चाक झटक्यात निघतं, कारण ते काढल्याशिवाय चालकाला त्या अरुंद बैठकीतून उतरताच येत नाही. रोजच्या गाडीला ती अडचण नाही. मूळ चाकाबरोबर तिथे एअरबॅग मात्र जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत.

तरीही क्लॉक स्प्रिंग बदलण्यासाठी किंवा बटणांच्या तारांसाठी चाक काढावंच लागलं, तर परत बसवताना नट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या मापानं आवळावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ३५ ते ५० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे टायरच्या नटाच्या जेमतेम निम्मा. मग एअरबॅगचं कनेक्टर खट्‌ आवाज येईपर्यंत बसवायचं, मॉड्यूल जागेवर लावायचं आणि सर्वात शेवटी बॅटरी जोडायची. बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसलेलं नको. मग दाराबाहेर उभं राहून, चाकासमोर छाती न आणता किल्ली फिरवायची. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागेल आणि सहा-सात सेकंदांनी विझेल. विझला नाही, तर पाने पेटीत टाकून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी.

आणि दिवा मुळात लागलाच नाही, तर ते त्याहून वाईट. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात बिघडलेल्या किंवा गायब झालेल्या एअरबॅगचा दिवा जळता राहू नये म्हणून त्याचा बल्बच काढून टाकण्याची लबाडी चालते. सेकंडहँड गाडी बघायला जाणाऱ्यानं म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधी किल्ली एका टप्प्यावर थांबवावी आणि तो लाल दिवा आधी लागतो का, ते पाहावं.