लघवीची गोळी आणि वजनाची वही



भाताच्या रोपांवर लिहिणारा हा शेतकी खात्याचा माणूस आज दवाखान्याची गोष्ट का सांगतो आहे, असे तुम्हाला वाटेल. कारण घरातलेच आहे.

माझे थोरले बंधू मुरबाड तालुक्यात भातशेती करतात. त्यांच्या पायांवर सूज आली, आडवे झाले की दम लागू लागला. हृदय अशक्त झाले आहे, म्हणजे हार्ट फेल्युअर आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. इतर औषधांबरोबर लघवीची गोळी दिली. चार दिवसांत सूज उतरली. मग लावणी आली आणि दादांनी परस्पर गोळी सोडली. "आता बरा आहे. चिखलातून सारखे कोण उठून जाणार?" आठवडा झाला नाही तोच एका रात्री ते दम लागून उठून बसले, ते पहाटेपर्यंत पाठ टेकू शकले नाहीत. कल्याणमार्गे ठाण्याला न्यावे लागले. शिरेतून औषध दिल्यावर जीव थाऱ्यावर आला.

या आजारात हृदय बंद पडत नाही, त्याचा जोर कमी होतो. मग मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साचते. खाचरात पाणी तुंबले की आपण बांधाला वाट करून देतो. ही गोळी तेच करते. ती लघवीवाटे मीठ बाहेर काढते आणि मिठामागून पाणी जाते. पूर्वी यासाठी पाऱ्याची इंजेक्शने देत. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने फ्युरोसेमाइड आणले. टॉर्सेमाइड ही त्याच जातीची गोळी.

गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो. फ्युरोसेमाइडचा जोर सहा तासांत ओसरतो. त्यानंतर मूत्रपिंडे पुन्हा मीठ धरू लागतात. अशा वेळी ताटात सुकट, बोंबील, लोणचे, पापड असले, तर सकाळी काढलेले पाणी संध्याकाळी परत भरते. म्हणून दिवसाचे सगळे मिळून मीठ एका लहान चमच्याच्या आत ठेवा. मिठाऐवजी मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यातले पोटॅशियम काही रोग्यांना घातक ठरते.

सगळ्यांना गोळी सारखी लागू पडत नाही. आतड्याला सूज असली की ती नीट शोषली जात नाही, म्हणून इंजेक्शन द्यावे लागते. मूत्रपिंड दुबळे असेल तर मात्रा वाढवावी लागते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही हिचा गुण मारते.

गुण येतो की नाही, हे घरीच कळते. रोज सकाळी लघवी करून, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढले, सूज चढली किंवा उशी वाढवावी लागली, तर लगेच डॉक्टर गाठा. बसल्या जागी दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. उलट उभे राहताच चक्कर येणे, पायांत गोळे येणे, लघवी फार कमी होणे, किंवा जुलाब-उलट्या लागणे, अशा वेळीही त्याच दिवशी विचारा. पाणी जास्त निघाले असेल. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्या.

कल्याणची एसटी किंवा लोकल पकडायची म्हणून त्या दिवशी गोळी चुकवणारे पुष्कळ आहेत. चुकवू नका. प्रवासाच्या दिवशी वेळ पुढे-मागे करता येते का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि सूज उतरली म्हणून हृदयाची बाकी औषधेही सोडू नका. लघवीची गोळी पाणी काढते, हृदयाला आधार ती औषधे देतात.

दादांची वही आता वहिनी लिहितात. यंदा लावणीला दादा बांधावर बसून होते. गोळी सकाळी घेत, दुपारनंतर खाचराकडे येत. चिखलात उतरले नाहीत, पण रोपांच्या जुड्या मोजून दिल्या. तुमच्या घरी असा रोगी असेल, तर आजच एक वही काढा.