जुना रॉक बँड ‘रीइश्यू’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मेटल बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स ‘रीइश्यू’ झाल्या की चाहते एवढे खूश का होतात? मुंबईचंच उदाहरण घ्या.

सत्तरच्या दशकात कीथ कांगा या बेस गिटारिस्टचा ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ हा बँड इथे वाजवत होता. शुद्ध हेवी मेटल नाही. हार्ड आणि सायकेडेलिक रॉक, म्हणजे मेटलच्याच भावकीतला. त्यांच्या अल्बमचं नाव ‘ऑब्सेशन ७७’, पण तो बाजारात आला १९८१ मध्ये! आदल्याच वर्षी ‘कुर्बानी’ लागला होता आणि देश डिस्कोवर नाचत होता. २०११ मध्ये ‘नाऊ-अगेन’ या अमेरिकन लेबलने हे संगीत पुन्हा काढलं, तेव्हा कुठे आमच्या पिढीला हा बँड कळला.

रीइश्यू म्हणजे फक्त नवं कव्हर नाही. आधी स्टुडिओतली मूळ टेप शोधतात. ती नसेल, तर कमी घासलेली रेकॉर्ड मिळवून तिच्यावरून आवाज उतरवतात. मग खरखर काढतात. पण अती साफ केलं की गिटारची धारही जाते. मला तरी थोडी खरखर चालते.

खरा प्रश्न मूळ टेपचा आहे. मुंबईच्या दमट हवेत तिला बुरशी लागते. दिंडोशीत कुणाच्या माळ्यावर कॉलेजच्या बँडची कॅसेट पडली असेल, तर भंगारात जाण्याआधी ती डिजिटल करून घ्या. बुरशी दिसली तर मात्र घरच्या टेपरेकॉर्डरवर लावू नका. ती हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.