जुनी मोटार विजेवर

गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत 'सॅन स्टॉर्म' नांवाची दोन आसनांची छोटी मोटार निघाली. तसली जुनी गाडी घरच्या घरीं विजेवर चालवावी असें यवतमाळच्या एखाद्या हौशी गृहस्थानें मनांत आणलें, तर त्यानें आधीं काय पाहावें? मोटर नव्हे, बॅटरी.

यवतमाळहून नागपूर सुमारें १५० किलोमीटर. एका युनिटांत सात किलोमीटर धरले, तर बावीस युनिट वीज हवी. पेटीसह लिथियम बॅटरीच्या एका किलोंत सुमारें १५० वॉट-तास मावतात. म्हणजे केवळ जाण्यापुरतेंच दीडशें किलो ओझें! परतीची गोष्ट वेगळीच. एंजिन व टाकी काढल्यानें वजनाची कांहीं भरपाई होते. परंतु सारें ओझें मागें लोटल्यास पुढचीं चाकें हलकीं पडतात व वळणावर गाडी आवरत नाहीं. तें दोहोंकडे वांटावें.

वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उष्म्यानें बॅटरी लवकर झिजते. उन्हांतून आलेली गाडी सावलींत निवूं द्यावी, मगच वीज भरावी.

शेंकडों व्होल्टांच्या तारा मात्र जाणत्याकडूनच जोडवून घ्याव्या. तेथील चूक प्राणावर बेतते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें संच मान्यताप्राप्त हवा, आणि हा बदल नोंदणी-पुस्तकांत चढवून घ्यावा लागतो.