सरासरीच्या आड नगर हवेली

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या भारताच्या नकाशात दादरा व नगर हवेली शोधावयाची म्हटले तर बोटाच्या पेराखाली सबंध प्रदेश झाकला जातो. ४९१ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र ते किती! एका बाजूस गुजरात, दुसऱ्या बाजूस आपला पालघर जिल्हा, आणि मध्ये सह्याद्रीच्या उताराला बिलगलेला, समुद्राचा स्पर्श नसलेला हा तुकडा. तुकडा म्हणणेही पुरते बरोबर नव्हे, कारण तुकडे दोन आहेत. दादऱ्याची अवघी तीन गावे एकीकडे, सिल्वासासह नगर हवेली दुसरीकडे, आणि दोहोंच्या मध्ये गुजरातची जमीन. नगर हवेलीच्या पोटात पुन्हा गुजरातच्या मालकीचे मेघवाळ हे गाव कित्येक दशके बेटासारखे बसलेले नकाशात दिसते. कोणत्याही नदीने, डोंगराने वा भाषेने अशी सीमा आखली नसती. ती आखली वसुलाच्या बेरजेने.

१७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. दमणच्या परिसरातील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना तोडून देण्याचे पेशव्यांनी त्यात मान्य केले. प्रत्यक्ष गावे हाती पडली ती १७८३ व १७८५ मध्ये. आधी रक्कम ठरली, मग त्या रकमेइतकी गावे मोजून दिली गेली; अमुक गाव आत आणि तमुक गाव बाहेर याचा उलगडा भूगोलात सापडत नाही तो यामुळे. दफ्तरातील आकड्यावरून जमिनीवर रेघ उमटावी याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या किनारपट्टीवर दुसरे क्वचितच असेल.

ही रेघ पुढे थेट हेगपर्यंत गेली. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते, वारल्यांमध्ये काम करणारे कम्युनिस्ट अशा नाना मतांच्या माणसांचा त्यात हात होता; सुधीर फडक्यांसारखा गायक त्या धामधुमीत सामील झाला होता, हे मराठी वाचकास सांगावयास नको. या मोहिमेच्या यशात नकाशाचा वाटा मोठा होता. दमणहून नगर हवेलीस कुमक न्यावयाची तर भारताची भूमी ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि भारत सरकारने ती वाट अडवून धरली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता असे मानले. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यापुरता तो नाकारला. आणि भारताने आपल्या बंधनाचा भंग केला नाही असा निर्वाळा दिला. सशस्त्र दलांविषयीचा कौल अवघ्या एका मताने, आठ विरुद्ध सात असा, लागला होता. पेशव्यांनी दिले ते उत्पन्न होते, सार्वभौमत्व नव्हे, हेही त्याच निकालाने सांगितले. बारा हजारांच्या त्या आकड्याचा नीट अर्थ लावण्यास पावणेदोनशे वर्षे लागली! ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला.

हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. त्यानंतरच्या साठ वर्षांत तेथे जे घडले ते मात्र ना स्मारकावर कोरले आहे, ना भाषणांतून ऐकू येते. ते वाचावयाचे तर जनगणनेच्या रुक्ष तक्त्यांकडेच वळावे लागते, आणि हे तक्ते सरळ वाचले तर फसवितात.

१९६१ च्या तक्त्यात या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ आहे. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत देशाची लोकसंख्या पावणेतीन पट झाली, तर येथील जवळजवळ सहापट. २००१ ते २०११ या एकाच दशकात वाढ झाली ती सुमारे ५६ टक्के; देशातील एकाही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने त्या दशकात हा वेग गाठला नाही. कारण उघड आहे. केंद्रशासित प्रदेशांना मिळालेल्या करसवलतींमुळे मुंबई-अहमदाबाद मार्गालगतच्या या मुलखात कारखान्यांची रीघ लागली. पिपरिया, मसाट, खडोली ही नावे उद्योगांच्या पत्त्यांवर झळकू लागली, कृत्रिम धाग्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशापासून मजूर आले.

आता स्त्री-पुरुष प्रमाणाचा आकडा पाहा. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १९७१ मध्ये १००७ होत्या. १९८१ मध्ये ९७४, १९९१ मध्ये ९५२, २००१ मध्ये ८१२ आणि २०११ मध्ये ७७४. हा उतार पाहून कोणाही भल्या माणसास शंका येईल की येथे कन्येचा गर्भातच घात होत असावा. ही शंका सत्याला धरून नाही. सहा वर्षांखालील बालकांत २००१ साली दर हजार मुलग्यांमागे ९७९ मुली होत्या, आणि त्या वेळी देशाची सरासरी ९२७ होती. अनुसूचित जमातींच्या एकूण लोकसंख्येत तर स्त्रिया पुरुषांहून अधिकच होत्या. म्हणजे मुली नाहीशा झाल्या नव्हत्या. पुरुष बाहेरून आले होते, बायकामुले गावी ठेवून, भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण मिळून राहणारे. ७७४ हा आकडा स्त्रियांविषयी फारसे काही सांगतच नाही, तो एकट्याने राहणाऱ्या मजुराविषयी सांगतो. २०११ मध्ये बालकांतील प्रमाणही ९२६ पर्यंत घसरले, ही गोष्ट मात्र निराळी आणि खरोखर चिंतेची. पण मोठ्या आकड्याच्या गोंगाटात तिची वाच्यता क्वचितच होते.

सिल्वासा शहराचेही तसेच. २००१ साली शहराची लोकसंख्या २२ हजारांच्या आसपास, २०११ साली ९८ हजारांच्या वर. दहा वर्षांत साडेचारपट! वृत्तपत्रांना मथळ्यास असा आकडा आवडतो. परंतु २००१ च्या यादीत सिल्वासाच्या शेजारी आमली नावाचे आणखी एक नगर आहे, लोकसंख्या साडेअठ्ठावीस हजार. म्हणजे राजधानीहूनही मोठे. २०११ च्या यादीत ते नाही. आमली कोठे गेली नाही, ती सिल्वासा नगरपरिषदेच्या हद्दीत आली. दोन्ही एकत्र धरून हिशेब केला तर वाढ साडेचारपट नव्हे, दुपटीहून थोडी कमी भरते. दुप्पट ही वाढ काही लहान नव्हे. पण पाणी, गटारे आणि शाळा यांची आखणी करणाऱ्याने साडेचारपटीवर विश्वास ठेवला तर त्याच्या हातून काय होईल?

याच २०११ च्या यादीत दादरा, नरोली, सामरवर्णी, मसाट आणि रखोली ही पाच खेडी एकाएकी नगरे झालेली आढळतात. पाच हजारांची वस्ती, दर चौरस किलोमीटरला चारशेची दाटी आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर, एवढ्या तीन कसोट्या उतरल्या की जनगणना खात्याच्या लेखी गाव नगर होते. नगरपालिका मात्र त्यासोबत येत नाही. कारखान्यांच्या चाळी, टँकर, सांडपाणी सारे शहराचे, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. शहरी लोकसंख्या २३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेली, असे तक्ता अभिमानाने सांगतो. त्यातील पाच गावांना शहरपणाचे केवळ ओझे मिळाले, अधिकार मिळाला नाही, हे सांगण्यास तक्त्यात रकाना नाही.

आणि दाटी तरी कसली सांगतात? २०११ मध्ये दर चौरस किलोमीटरला ७०० माणसे. या प्रदेशाचा सुमारे चाळीस टक्के भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. तो वगळून उरलेल्या जमिनीवर माणसे वाटली तर हा आकडा बाराशेच्या घरात जातो. मधुबन धरणाच्या जलाशयाखाली गेलेली जमीन आम्ही येथे वेगळी धरलेलीही नाही.

पण खरी गोम आहे ती आदिवासींच्या आकड्यात. वारली, धोडिया, कोकणा, दुबळा, काथोडी, कोळी ढोर, नायकडा या सात जमाती येथे अनुसूचित आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक वारली आहेत. १९९१ मध्ये एकूण लोकसंख्येत या जमातींचा वाटा ७९ टक्के होता. २००१ मध्ये ६२ आणि २०११ मध्ये ५२. या काळात आदिवासींची संख्या घटली नाही. ती एक लाख नऊ हजारांवरून एक लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेली. आपल्या घरात ते बसलेलेच आहेत, पाहुण्यांनी घर भरले आहे इतकेच. पाहुणे पोटासाठी आले, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक सरासरीतील आदिवासींचे वजन त्यामुळे कमी झाले. साक्षरता २००१ च्या ५७.६ टक्क्यांवरून २०११ मध्ये ७६.२ टक्क्यांवर चढली. यांपैकी किती चढण येथल्या शाळांमुळे झाली आणि किती शिकून-सवरून आलेल्या कामगारांमुळे, हे त्या एका आकड्यावरून कळणार नाही. आदिवासींपुरता आकडा वेगळा काढला की तो ६२ टक्क्यांच्या आसपास निघतो. शाळा तपासावयाची असेल तर हाच आकडा कामाचा.

आता त्यावरही कडी झाली आहे. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. कारभाराच्या सोयीसाठी ते ठीकच असेल. दोन लहानशा प्रदेशांना दोन सचिवालये पोसण्याचे कारण नव्हते. परंतु २०११ चेच आकडे एकत्र करून पाहा. सुमारे ५ लाख ८७ हजारांत आदिवासी १ लाख ९४ हजार, म्हणजे केवळ ३३ टक्के. एकही वारली कुटुंब जागचे न हलता बहुसंख्य जमात एका कायद्याने अल्पसंख्य झाली, निदान राज्यवार तक्त्यात तरी. दिल्लीत बसून योजना आखणाऱ्यापुढे बहुधा हाच राज्यवार तक्ता असतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी दुसऱ्याच्या घरचे म्हणून याकडे पाहू नये. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघरचा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. कल्याण, भिवंडी, नवी मुंबई यांच्या सरासरीत आदिवासींचे प्रमाण चौदा टक्क्यांवर येई. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली तेव्हा मुंबईकर थक्क झाले ते यामुळेच की हे सारे राज्यातील आघाडीच्या औद्योगिक जिल्ह्यात घडत होते. जिल्हा वेगळा झाल्यावर हेच प्रमाण ३७ टक्के झाले. त्यातही वसईची गर्दी बाजूस सारली तर तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत दहांतील नऊ माणसे आदिवासी. सीमेपलीकडचा खानवेलचा वारली आणि अलीकडचा तलासरीचा वारली एकच बोली बोलतो, एकमेकांच्या लग्नास जातो. पण एकाचा हिशेब एका बेरजेत, दुसऱ्याचा दुसऱ्या.

बोलीचे निघाले म्हणून सांगतो. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात, १९०५ साली, वारलीला स्थान दिले. जनगणनेच्या तक्त्यांत तीच वारली भिली-भिलोडी या गटाखाली जाते. आणि १९९१ मध्ये या प्रदेशात शंभरांत बारा माणसे ‘कोंकणी’ बोलणारी निघाली ती पाहून आपल्या गोमंतकीय बंधूंस आनंद झाला असल्यास नवल नाही. परंतु ते मडगाव-म्हापशाहून गेलेले लोक नव्हेत, मुख्यतः कोकणा जमातीचे डोंगरकरी आहेत. नावातील साधर्म्याने एकाची भाषा दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली. भाषेच्या आकड्यांवर सीमेचे वाद खेळणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, आधी हे तक्ते कोणी व कसे भरले एवढे तरी पाहावे.

२०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून गणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ हा ठरला आहे. म्हणजे सोळा वर्षे जुन्या आकड्यांवर शाळा, दवाखाने आणि शिधा यांचे वाटप चालले आहे, तेही अशा मुलखात की जेथे एका दशकात माणसे दीडपटीहून अधिक होतात. नवे आकडे येतील तेव्हा सिल्वासाची हद्द पुन्हा बदललेली आहे काय, कोणती गावे नगरे ठरली, हे आकड्यांच्या शेजारीच छापले पाहिजे. नगर हवेलीचा तक्ता दमण-दीवच्या तक्त्यात न मुरविता जिल्हावार, आणि जिल्ह्यातही गाववार, मिळाला पाहिजे. आदिवासी आणि इतर, बालके आणि प्रौढ यांचे आकडे पहिल्याच पानावर यावेत, परिशिष्टात नकोत. या कामास नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. माहिती गोळा होतेच; ती कोणत्या रकान्यात आणि कोणत्या पानावर छापावयाची एवढाच प्रश्न आहे, आणि तो जनगणना आयुक्तांच्या कार्यालयात गणनेपूर्वीच सुटू शकतो.