फकिरा पडद्यावर आला, मांगवाडा कुठे राहिला?

१९६३ साली दोन चित्रपट पडद्यावर आले. एक पश्चिम जर्मनीत, 'विनेटू'. दुसरा आपल्या महाराष्ट्रात, 'फकिरा'. दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्यांवरचे. दोन्हींचा नायक घोड्यावर मांड ठोकणारा, हाती शस्त्र धरणारा, आपल्या माणसांसाठी जिवावर उदार होणारा. पहिल्या कादंबरीचा लेखक कार्ल मे, दुसरीचे लेखक साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे. विनेटूच्या चित्रपटावर जर्मन माणूस आजही घराघरांत भांडतो. आमच्या फकिराच्या चित्रपटाबद्दल मात्र आम्ही भांडतही नाही, कारण आमच्यातल्या बहुतेकांनी तो पाहिलेलाच नाही.

वडनेर भोलजी हे आमचे गाव बुलडाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यात, हमरस्त्यावर. आमची नदी पूर्णा. अण्णाभाऊंची वारणा इथून शेकडो कोस लांब. तरी दर १ ऑगस्टला इथेही अण्णाभाऊंच्या तसबिरीला हार चढतो, निळे-पिवळे झेंडे लागतात, भाषणे होतात. भाषणात 'फकिरा' हा शब्द वीस वेळा येतो. जयंती झाल्यावर पोरे मोबाईलवर 'फकिरा' शोधतात आणि त्यांना सापडतो शशी कपूर! १९७६ सालचा हिंदी 'फकिरा'. त्याचा ना वाटेगावशी संबंध, ना मांगवाड्याशी, ना अण्णाभाऊंशी. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. एका समाजाच्या नायकाचे नाव दुसऱ्याच माणसाच्या चेहऱ्याखाली जाऊन बसले आहे.

आधी त्या जर्मन लेखकाचे सांगतो, म्हणजे आमचे दुखणे नीट कळेल.

कार्ल मे १८४२ साली सॅक्सनी प्रांतात एका गरीब विणकराच्या घरी जन्मला. मास्तरकी केली, ती गेली. चोरी-फसवणुकीच्या गुन्ह्यांत काही वर्षे तुरुंगात काढली. बाहेर आल्यावर लेखणी धरली आणि अमेरिकेतल्या अपाची जमातीचा सरदार विनेटू आणि त्याचा गोरा जर्मन मित्र ओल्ड शॅटरहँड यांच्या साहसकथा लिहिल्या. गंमत अशी की या गृहस्थाने तोवर अमेरिका पाहिलीच नव्हती! 'ओल्ड शॅटरहँड तो मीच' असे मात्र तो लोकांना छातीठोकपणे सांगे, तसा पोशाख घालून फोटो काढून घेई. १९०८ साली म्हातारपणी तो अमेरिकेला गेला तो पूर्वेकडचा भाग पाहून परतला. विनेटूचा मुलूख त्याने कधी पाहिलाच नाही. १९१२ साली तो वारला. त्याच्या पुस्तकांच्या जगभरात सुमारे २० कोटी प्रती खपल्याचे सांगतात. हिटलरही त्याचा भक्त होता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

त्याच्या कथांवर पहिले मूकपट निघाले १९२० साली. काढणाऱ्या कंपनीचे नाव 'उस्ताद फिल्म'! त्याच वर्षी १ ऑगस्टला वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे हे मूल जन्मले. शाळा दीड दिवसाची. पुढे बापाबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, लाल बावट्याखाली आले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत बसून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ साली आली आणि ती त्यांनी डॉ. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या माणसाने ही अर्पणपत्रिका लिहावी, याचा अर्थ दोन्हीकडच्या मंडळींनी अजून पुरता लावलेला नाही. १९६१ साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

आता दोघांच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून बघा. कार्ल मेच्या कथेत सांगणारा गोरा. तोच जिंकतो, तोच वाचवतो, तोच शहाणा. विनेटू शूर, उमदा, पण शेवटी त्या गोऱ्याच्या मांडीवर प्राण सोडणारा आणि मरता मरता ख्रिस्ताला मानणारा. परक्याच्या पराक्रमाची आरती आणि शेवटी त्याचे धर्मांतर! 'फकिरा'त हे सगळे उलटे आहे. इथे मांग हाच नायक. बाप राणोजी शिगावची जोगणी आपल्या गावात आणताना जीव गमावतो. ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाच्या मानासाठी! पुढे दुष्काळ आणि रोगराईत मांगवाडा उपाशी मरू लागतो, तेव्हा त्याचा मुलगा फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो आणि वाटून टाकतो. इंग्रज सरकार सगळी जातच गुन्हेगार ठरवते, हजेरी लावते, बायकापोरांना ओलीस धरते. तेव्हा हा वाघ स्वतःहून सरकारच्या हवाली होतो. सत्तू भोसल्यासारखा मराठा बंडखोर इथे मित्र म्हणून येतो, तारणहार म्हणून नव्हे. मैत्री बरोबरीची आहे. कार्ल मेला हे साधले नाही, कारण तो दुसऱ्याची गोष्ट लिहीत होता. फकिरा हा आपल्याच नात्यातला, असे अण्णाभाऊंनी सांगून ठेवले आहे.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे 'फकिरा' पुस्तकरूपाने आली तेव्हा हजेरीच्या रांगेत उभी राहिलेली माणसे जिवंत होती, वाचत होती, नाहीतर वाचून घेत होती. साहसकथा असली तरी ती करमणूक नव्हती.

मग सिनेमावाले आले. अण्णाभाऊंच्या कथांवर सात चित्रपट निघाले. १९६१ चा 'वैजयंता' पहिला. दिग्दर्शन गजानन जागीरदारांचे, नायिका जयश्री गडकर. काळ लक्षात घ्या. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. ढोलकीला बाजार आला. तमाशातल्या बाईच्या जिण्यावर लिहिलेली कादंबरी त्या बाजारात हातोहात उचलली गेली यात नवल नाही. त्यानंतर १९६३ चा 'फकिरा'. मग १९६९ साली एकदम तीन, १९७० साली 'वारणेचा वाघ', १९७४ साली सातवा.

या सातांची नावे नीट वाचा. 'आवडी' ही कादंबरी पडद्यावर 'टिळा लावते मी रक्ताचा' झाली. 'माकडीचा माळ'चे झाले 'डोंगरची मैना'. 'चिखलातील कमळ'चे झाले 'मुरळी मल्हारीरायाची'. 'अलगूज'चे झाले 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'. सातांपैकी चार नावे बदलली! कोणी म्हणेल, नावात काय आहे, तिकीटबारीवर चालणारे नाव ठेवणे हा निर्मात्याचा धंदाच आहे. मान्य. पण कोणते नाव काढले आणि कोणते घातले, ते तरी पाहू.

'माकडीचा माळ' म्हणजे पोट पाठीवर घेऊन फिरणाऱ्या भटक्यांचा तळ. गावकुसाबाहेरची, ज्यांना गावच नाही अशी माणसे. त्या माळाचा डोंगर झाला आणि माणसांची मैना झाली. पाटी बघून आत शिरणाऱ्याला वाटणार, लावणी ऐकायला मिळेल.

'चिखलातील कमळ' त्याहून झोंबते. देवाच्या नावाने मुरळी सोडायची आणि मग ती साऱ्या गावाची, या रूढीवर अण्णाभाऊंनी लेखणी चालवली. चिखल कोणता हे ते नावातच सांगतात. चिखल म्हणजे ती रूढी, तो देवाच्या आडून चाललेला व्यापार. चित्रपटाच्या नावात चिखल उरला नाही. मुरळी 'मल्हारीरायाची' झाली. ज्या मालकीविरुद्ध लेखकाने लिहिले, तीच मालकी पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापली गेली! आत कथा कशी का उलगडेना, वेशीवर लागलेल्या पोस्टरवर भक्तिपट उभा राहिला. पोस्टर लावलेल्या बंडीवर भोंगा बांधून गावोगाव जाहिरात फिरायचा तो काळ. हजारातल्या शंभरांनी चित्रपट पाहिला असेल, नाव मात्र हजारांच्या कानी पडले.

'आवडी'चे मात्र वेगळे आहे. चौगुल्याच्या घरची मुलगी, रामोश्याचा धनाजी, आणि घराण्याच्या अब्रूसाठी सख्ख्या बहिणीचा जीव घेणारा भाऊ. आज इंग्रजी वर्तमानपत्रे ज्याला 'ऑनर किलिंग' म्हणतात, ते अण्णाभाऊंनी साठ वर्षांपूर्वी लिहिले. ती गोष्ट १९६९ साली मराठी पडद्यावर आली. तरीही २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला तेव्हा भल्याभल्यांनी लिहिले की मराठी सिनेमाने हा विषय प्रथमच धीटपणे हाताळला. 'सैराट'चे मोल आम्ही कमी करत नाही. त्यातल्या लेकराची ती रक्ताची पावले आम्हालाही झोपू देत नव्हती. पण 'आवडी'ची आठवण समीक्षकांना येऊ नये? पुस्तकाचे नाव चित्रपटाला नसले की असे होते. पूर्वजांपर्यंत जाणारी वाटच मोडते.

आणि एक तारीख. १८ जुलै १९६९. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, शासनाने दिलेल्या घरात, हलाखीत अण्णाभाऊ वारले. त्याच १९६९ साली त्यांच्या कथांवरचे तीन चित्रपट आले! एका लेखकावर वर्षात तीन चित्रपट. दुसऱ्या कुणा मराठी लेखकाच्या वाट्याला असे वर्ष आले असते तर त्याचा बंगला झाला असता. कोणी किती दिले, कोणी बुडवले, याचा हिशेब इथे मांडायचा नाही. वर्ष आणि घर एवढे शेजारी ठेवले तरी पुरे.

आता जर्मनीत काय झाले ते पाहा. १९६२ साली 'चंदेरी सरोवरातला खजिना' या अर्थाच्या नावाचा चित्रपट आला आणि कार्ल मेची लाटच आली. अपाची विनेटू झाला पिएर ब्रीस, म्हणजे फ्रेंच. जर्मन नायक झाला लेक्स बार्कर, म्हणजे अमेरिकन, पूर्वीचा टारझन. अमेरिकेचे डोंगर म्हणून दाखवले ते युगोस्लाव्हियाचे. सगळाच उसनवारीचा मामला! भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीने १९६६ पासून आपले वेगळे चित्रपट काढले. त्यांत मूळनिवासी नायक आणि जमीन बळकावणारे गोरे खलनायक. विचार सरळ झाला, पण सरदार तिथेही गोरा नट गोइको मितिच, सर्बियाचा. २०१६ च्या दूरचित्रवाणी मालिकेत विनेटू झाला अल्बानियाचा नट. म्हणजे पन्नास वर्षांत अपाचीची भूमिका करायला अपाची काही सापडला नाही.

पण तिथे प्रश्न विचारला गेला. २०२२ साली लहान मुलांसाठी विनेटूवर नवा चित्रपट आला. त्यासोबतची पुस्तके रावेन्सबुर्गर या मोठ्या प्रकाशनाने टीकेनंतर मागे घेतली आणि देशभर रणकंदन माजले. मूळनिवाशांची कत्तल झाली, जमिनी गेल्या, हे न सांगता त्यांच्या पिसांचे टोप मुलांना खेळायला द्यायचे का, हा एका बाजूचा प्रश्न. आमचे बालपण कशाला हिरावता, ही दुसऱ्या बाजूची ओरड. आम्हाला पहिल्यांचे म्हणणे पटते. पण हे भांडण होऊ शकले, कारण ते चित्रपट लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले होते. डोळ्यांसमोर पडदा होता.

आमच्याकडे पडदाच नाही. अण्णाभाऊंचे टपाल तिकीट २००२ साली निघाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. आनंदच आहे. त्यांचे साहित्य छापायला राज्य शासनाची चरित्र साधने प्रकाशन समिती आहे. पण आमच्या गावात जयंतीला अण्णाभाऊंचा एकही चित्रपट दाखवलेला आम्हाला आठवत नाही. डीजेला मात्र दरवर्षी वर्गणी पुरते.

म्हणून मागणी साधी आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले ते अशाच कामासाठी. शासनाने, संग्रहालयाने आणि हक्क बाळगणाऱ्या निर्मात्यांच्या वारसांनी एकत्र बसावे. साती चित्रपटांच्या प्रती जमवाव्यात, साफ कराव्यात आणि ग्रामपंचायतीला परवडेल अशा दरात खुल्या कराव्यात. प्रत्येक चित्रपटाच्या पहिल्या पाटीवर मूळ कादंबरीचे नाव मोठ्या अक्षरांत घालावे. मग आम्ही बघू. पडद्यावरचा फकिरा मांग आहे की नुसता मर्द गडी, हे मांगवाड्यातली आजी आणि बौद्धवाड्यातला कॉलेजचा पोरगा शेजारी बसून ठरवतील. आवडले नाही तर तसे लिहू, इथेच, याच स्तंभात.

येत्या १ ऑगस्टला वडनेर भोलजीत पांढरी चादर आणि प्रोजेक्टर यांची सोय पोरे करणार आहेत. चित्रपट हाती लागला तर तो लावू. नाही लागला तर राणोजी जोगणी घेऊन येतो ते प्रकरण माईकवरून मोठ्याने वाचायचे ठरले आहे. वाचायला नववीतली एक मुलगी तयार आहे.